पांढरा कुठे द्यायचा?

आमच्या मशीनमधला पांढरा रंग झोपतो. म्हणजे शाईच्या टाकीत तळाला जाऊन बसतो. बाकीचे रंग रात्रभर आहेत तसे राहतात, पण पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते आणि ती जड असते. त्यामुळे सकाळी दुकान उघडल्यावर माझं पहिलं काम म्हणजे पांढऱ्याला उठवणं. टाकी हलवायची, हेड साफ करायचं, एका टाकाऊ तुकड्यावर नोझल चेक काढायचा. रेघ तुटक आली तर पुन्हा साफसफाई. नोझल कायमचं बंद पडलं तर हेड बदलावं लागतं आणि हेडची किंमत मी इथे लिहीत नाही, कारण मालक हा लेख वाचणार आहेत.

मी पुण्यात एका प्रिंटिंगच्या दुकानात काम करतो. आमच्याकडे यूव्ही फ्लॅटबेड मशीन आहे. एखाद्या मोठ्या टेबलावर वस्तू ठेवायची, वरून हेड फिरतं, शाई पडते आणि पाठोपाठ येणारा यूव्ही दिवा ती जागच्या जागी वाळवतो. लाकूड, काच, टाइल, काहीही चालतं. पण गेली चार वर्षं सगळ्यात जास्त मागणी आहे ती ब्रश्ड मेटलला. घराच्या भिंतीवर लावायला ॲबस्ट्रॅक्ट चित्रं, धातूवर छापलेली. तुम्ही नक्की पाहिली असतील. एखाद्या मित्राच्या नव्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या मागे, भिंतीपासून बोटभर पुढे तरंगल्यासारखी.

'ब्रश्ड' या शब्दाचा कुंचल्याशी काही संबंध नाही. नव्या कोऱ्या स्टीलच्या डब्यावर तारेची घासणी एकाच दिशेने फिरवली तर जे ओरखडे उठतील ना (आणि आई जे बोलेल ना), ते ओरखडे म्हणजे ब्रश्ड. केसासारख्या बारीक समांतर रेघा. त्या रेघांमुळे उजेड आरशासारखा परत न फिरता एका दिशेने पसरतो. तुम्ही डावीकडून उजवीकडे चालत गेलात की चित्र पण हलल्यासारखं वाटतं. लोक याच हलण्याचे पैसे देतात.

हे मला पहिल्यांदा कळलं ते मार खाऊन. एका गिऱ्हाइकाला तीन तुकड्यांचं एक चित्र हवं होतं. शीट आठ फूट बाय चार फुटांची असते. माल वाचावा म्हणून मी मधला तुकडा आडवा कापला. छपाई तिन्हींवर एकसारखी, रंग एकसारखे. भिंतीवर लावल्यावर मधला तुकडा दोन्ही बाजूंच्या मानाने काळपट. त्याच्या रेघा उभ्या जायच्या त्या आडव्या गेल्या होत्या, आणि खिडकीतला उजेड त्याच्यावर वेगळा पडत होता. शीटवरच्या प्लास्टिकच्या फिल्मवर बाण छापलेले असतात. ते कशासाठी, हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला विचारलंच नव्हतं.

आता पांढऱ्याकडे येतो, कारण माझं खरं काम तेच आहे.

कागदावर छापताना पांढरं छापावं लागत नाही. पांढरं म्हणजे कागदच. धातूवर मात्र फाइलमध्ये जिथे पांढरं आहे तिथे मशीन काहीच टाकत नाही, आणि तिथे पत्रा दिसतो. शिवाय बाकीच्या शाया पारदर्शक. पिवळ्याखालून पत्रा चमकतो आणि पिवळ्याचं सोनं होतं. निळा एखाद्या नव्या गाडीच्या बॉनेटसारखा दिसायला लागतो. हे टाळायचं असेल तर रंगाच्या खाली पांढऱ्याचा एक थर द्यायचा. पण सगळीकडे पांढरा दिला तर पत्रा पूर्ण झाकला जातो. मग धातूवर छापलं काय आणि पुठ्ठ्यावर छापलं काय. म्हणून प्रत्येक फाइल उघडून बसायचं आणि ठरवायचं, पांढरा कुठे द्यायचा, कुठे नाही, कुठे अर्धा. त्याचा वेगळा थर बनवायचा. मूळ चित्रकाराने हे ठरवलेलं नसतं. त्याच्यापुढे हा प्रश्नच आला नव्हता. ते मी ठरवतो, डीटीपीचा एक वर्षाचा कोर्स केलेला माणूस.

लोक धातूवर ॲबस्ट्रॅक्टच का छापून घेतात, याचं एक उत्तर याच थरात आहे. माणसाचा चेहरा पांढऱ्याशिवाय धातूवर छापून बघा. कातडी राखाडी पडते. एकाने आपल्या आजोबांचा फोटो आणला होता, 'मेटॅलिक इफेक्ट' हवा म्हणून हट्ट धरला. आजोबा इतके आजारी दिसायला लागले की त्याने स्वतःच म्हटलं, राहू द्या. वर्तुळं, चौकोन, पट्टे, डाग यांना मात्र कातडी नसते. त्यांचं काही बिघडत नाही.

दुसरं उत्तर मला वाटतं भिंतीत आहे. आमच्या जयसिंगपूरच्या घरात भिंतीवर तीनच गोष्टी असायच्या. देव, कॅलेंडर आणि गेलेली माणसं. ज्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत, ज्यावर तारीख बघायची नाही, असं काही भिंतीवर लावायची पद्धतच नव्हती. आता आमच्याकडे येणारी जोडपी माझ्याच वयाची, वाकडला नाहीतर हिंजवडीला फ्लॅट घेतलेली. त्यांना भिंत रिकामी नको असते आणि त्यावर कुणाचं तोंडही नको असतं. सासू-सासऱ्यांना खटकणार नाही, मित्रांसमोर जुनाट वाटणार नाही, सोफ्याच्या रंगाशी जमेल. मी हसत नाही हं यावर. हप्ता भरून झाल्यावर उरलेल्या पैशातून माणूस चित्र विकत घेतो, ही काही छोटी गोष्ट नाही.

त्यात सगळ्यात जास्त खपतो कँडिन्स्की. चौकोनात चौकोन, त्यांत एकात एक वर्तुळं, लाल-निळी-पिवळी. ते चित्र तुम्ही उशीच्या खोळीवर, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर पाहिलंय. ते १९१३ सालचं आहे, म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात असतं, आणि मुळात ते 'चित्र' म्हणून केलेलंच नव्हतं. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी बसवला तर काय होतं, हे बघायला केलेला तो अभ्यास. कागदावर, जलरंगात. आकार साधारण २४ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढा. आम्ही ते चार फुटी छापतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. एखाद्याच्या रफ वहीचं पान फाडून फ्रेम केल्यासारखं. पण दिसतं सुंदर, हे नाकारून काय करू? पिवळ्या वर्तुळाखालचा पांढरा काढला की संध्याकाळच्या उजेडात ते पेटतं.

कँडिन्स्की १९४४ साली वारला. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे तो कधीच सगळ्यांचा झालाय. माँद्रियान त्याच वर्षी गेला, मालेविच १९३५ साली. हे सगळे छापायला मोकळे. मालकांनी एक यादी करून मशीनशेजारी चिकटवली होती. चांगला हेतू होता. पाळली जायची असं नाही.

माझे वडील पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाडच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या अप्पांनी रंगवल्या होत्या. तेही पत्र्यावरच. माझं लहानपण पत्र्याच्या वासात गेलं. नवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणला की अप्पा तो लगेच रंगवायचे नाहीत. उन्हापावसात टाकून ठेवायचे, मग पॉलिश पेपरने घासायचे, मग लाल ऑक्साइडचं अस्तर. अस्तर वाळलं की पुन्हा हलका पेपर. दुकानदार घाई करायचे. अप्पा म्हणायचे, नवा पत्रा रंग धरत न्हाई, दोन पावसाळ्यांत पापुद्रं सुटतील, मग माझ्या नावानं बोंब माराल. नाव म्हणजे खरंच नाव. प्रत्येक पाटीच्या खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांची सही असायची, पुढे 'आर्ट्स' आणि घरचा फोन नंबर.

मग फ्लेक्स आला. अप्पांना चार दिवस लागायचे ते काम एका दुपारी व्हायला लागलं, तेही मालकाच्या फोटोसकट. बारावीनंतर मला सांगलीत नोकरी लागली ती फ्लेक्सच्याच दुकानात. पहिल्याच आठवड्यात जयसिंगपूरच्या स्टेशन रोडवरच्या एका मेडिकलचं काम आलं. पाटी अप्पांची होती. मी डिझाइन केलेला फ्लेक्स त्यांनी फ्रेमवर ताणून त्या पाटीवरच ठोकला, पाटी काढायचीही तसदी घेतली नाही. अप्पा रोज सायकलवरून तिथून जायचे. आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, "'मे'ची मात्रा लई वर गेलीय." एवढंच. खरंच गेली होती. फॉन्टच तसा होता.

आता ती फाइल.

बाणेरकडच्या एका इंटिरियर डिझायनर बाईंनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. चार बाय तीन, ब्रश्ड, क्लायंटचा सोफा ग्रे आहे, त्याला जाईल असं करा. फाइलला नाव नाही. राखाडी-हिरवट विस्तार आणि त्यात मधेमधे तुटक खुणा, लिपी लिहिता लिहिता कुणीतरी थांबल्यासारख्या. मी ओळखलं. सतीश नाईक यांनी संपादित केलेला 'गायतोंडे' हा जाडजूड मराठी ग्रंथ एका मित्राच्या घरी मी चाळला होता, म्हणून ओळखलं. वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा १९२४ चा, घराणं गोव्याचं, शिक्षण जेजेत. २००१ साली दिल्लीत गेले. म्हणजे त्यांची चित्रं २०६१ संपेपर्यंत कुणाला परवानगीशिवाय छापता येत नाहीत. यादी माझ्या डोळ्यासमोर चिकटवलेली होती.

मी छापलं.

कारण सांगायचं तर मला ते करून बघायचं होतं. एवढंच. फोटो लहान होता, तो सॉफ्टवेअरने ताणून मोठा केला. मग तीन तास पांढऱ्याचा थर करत बसलो. जवळजवळ कुठेच पांढरा दिला नाही, फक्त त्या खुणांच्या कडांना सात-आठ टक्के. बाकी सगळीकडे पत्रा आतून झिरपू दिला. टेबलावरून तो तुकडा उचलून भिंतीला टेकवला तेव्हा दुकानातली सगळी पोरं येऊन उभी राहिली. चित्राच्या आत दिवा लावल्यासारखं दिसत होतं. बाई म्हणाल्या, "काय डेप्थ आलीये!" मालकांनी त्याचा एक लहान नमुना दर्शनी भिंतीवर लावला. त्या वर्षात असे अकरा गेले. मी केलेल्या कामांत इतकं कौतुक दुसऱ्या कशाचंच झालं नव्हतं, आणि मला ते आवडत होतं.

पुढे एकदा मुंबईत काळा घोड्याजवळच्या एका ऑफिसात डिलिव्हरी होती. काम लवकर झालं आणि ट्रेनला वेळ होता, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. तिथे जहांगीर निकल्सन संग्रहाची गॅलरी आहे. आत गेलो आणि समोर गायतोंडे.

पहिल्या मिनिटात मला ते मंद वाटलं. खरं सांगतो. माझ्या प्रिंटपुढे विझल्यासारखं. मी सवयीने डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो. काही हललं नाही. चित्र होतं तिथेच, होतं तसंच. मग मी थांबलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाच-सात मिनिटांनी डोळे सरावले आणि एकाखालचा एक थर वर यायला लागला. एका जागी रंग इतका पातळ की खालचा जुना रंग श्वास घेतोय. एका जागी फाटलेल्या कागदाच्या कडेसारखी कड. ते कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचे किंवा बसवायचे, रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग पसरायचे आणि खरवडायचे, हे मी वाचलेलं होतं. (रोलर! अप्पांच्या लेखी रोलर म्हणजे भिंती मारणाऱ्यांचं हत्यार.) वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची त्यांची. आता कळत होतं का ते. एक थर वाळायची वाट बघायची, मग दुसरा. म्हणजे पत्रा उन्हापावसात टाकून ठेवण्यासारखंच की हे.

माझ्या प्रिंटमधला उजेड ट्यूबलाइटचा होता. ट्यूब बंद केली की संपला. इथला उजेड त्यांनी थरांत ठेवून दिलेला होता, आणि तो बाहेर यायला पाच मिनिटं घेत होता. ती पाच मिनिटं मी पत्रा दाखवून वाचवली होती. बाई त्यालाच डेप्थ म्हणाल्या होत्या.

हेही सांगतो की मला मेटल प्रिंटची लाज वाटली नाही. कँडिन्स्कीचा रंगाचा अभ्यास धातूवर खुशाल बागडतो. त्या वर्तुळांना चमकायला आवडतं असंच वाटतं. पण सगळी ॲबस्ट्रॅक्ट चित्रं म्हणजे 'पॅटर्न' असं धरून मी पांढरा देत-काढत होतो, आणि तिथे चुकलो होतो. गायतोंडे स्वतः आपल्या कामाला ॲबस्ट्रॅक्ट म्हणायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे. तो फरक मला पुस्तकात कळला नव्हता.

एवढं होऊनही पुण्याला येऊन मी काही केलं नाही. नमुना भिंतीवर होता तसाच राहिला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी अप्पा पुण्यात एका लग्नाला आले आणि म्हणाले, तुझं दुकान दाखव. मशीन त्यांनी दोन मिनिटं बघितलं, विशेष काही वाटल्याचं दाखवलं नाही. मग नमुन्यांच्या भिंतीशी गेले. गायतोंडेंच्या समोर थांबले. बोटाच्या पेराने टकटक केलं.

"वाजंना की रं. आत काय हाय?"

"प्लास्टिक. दोन्ही अंगाला ॲल्युमिनियमचा पातळ थर, मधे प्लास्टिक."

"म्हंजे पत्रा बी खरा न्हाई." नखाने कड खरवडून बघितली. "रंग धरलाय पर. काढलंय कुणी?"

"गायतोंडे म्हणून होते, अप्पा. मोठे चित्रकार. २०१३ साली मुंबईत त्यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं."

कोटींनी त्यांना काही झालं नाही. ते डावा कोपरा बघत होते, मग उजवा.

"नाव कुठं हाय त्यांचं?"

"ते बऱ्याचदा मागच्या बाजूला सही करायचे."

हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. अप्पांनी तो तुकडा हुकावरून उचलला आणि उलटा केला. मागे आमच्या दुकानाचा स्टिकर. साइज, ऑर्डर नंबर, ओल्या फडक्याने पुसू नये.

"हितं तर तुमचंच नाव हाय," ते म्हणाले आणि तुकडा नीट जागेवर लावला. सरळ आहे का ते दोन पावलं मागे जाऊन बघितलं. मग चहाला गेलो.

त्या रात्री मी मालकांशी बोललो. माणूस वाईट नाही. म्हणाले, नेटवर सगळं पडलेलं आहे, आपण नाही केलं तर शेजारचा करेल, आणि तपासायला कोण येणार आहे? तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शेवटी एवढं ठरलं की भिंतीवरचा नमुना काढायचा आणि आपणहून दाखवायचा नाही. गिऱ्हाइकाने फाइल आणली तर मात्र नाही म्हणायचं नाही. नंतर दोनदा अशी फाइल आली आणि मी केली. तिसऱ्या वेळी 'रिझोल्यूशन कमी आहे, फाटेल' असं सांगून परत पाठवली. फाटलं नसतं. खोटं बोललो. चौथी अजून आलेली नाही.

दिवाळीला घरी जाताना अप्पांसाठी एक तुकडा नेला. कँडिन्स्कीचे चौकोन, दोन बाय तीन. छापताना मधेच लाइट गेली होती आणि पांढऱ्याचा थर अर्ध्यावर तुटला होता, म्हणून रिजेक्टमध्ये पडला होता. अर्धी वर्तुळं साधी, अर्धी चमकणारी. मला तो चांगल्या मालापेक्षाही आवडायचा. अप्पांनी उलटसुलट करून बघितला आणि भिंतीला टेकवून ठेवला. लावला नाही. मीही विचारलं नाही.

उन्हाळ्यात गेलो तर तुकडा घरात नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, गिरणीवर बघ.

आमच्या बोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या दारावर नवी पाटी होती. लाल ऑक्साइडचं अस्तर कडेने किंचित दिसत होतं, त्यावर पांढरा, त्यावर निळ्या इनॅमलमध्ये 'दळण सकाळी ८ ते १२, सायंकाळी ४ ते ७'. 'ळ' थोडा थरथरला होता. अप्पांनी सात-आठ वर्षांत कुंचला धरला नव्हता. मी पाटीची कड जरा पुढे ओढून मागे डोकावलो. वर्तुळं भिंतीकडे तोंड करून होती, आणि मधल्या फटीत पीठ साचलं होतं.

घरी येऊन विचारलं, चांगली बाजू ठेवून मागच्या बाजूला का रंगवलं? छपाई घासून काढता आली असती.

"ती कुणीतरी काढलेली हाय की रं," अप्पा म्हणाले. मग म्हणाले की स्टिकर निघता निघेना, टर्पेंटाइन लावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघताना मी पुन्हा गिरणीवरून गेलो. खाली डाव्या कोपऱ्यात सही होती, 'आर्ट्स' होतं, आणि आमच्या लँडलाइनचा नंबर. तो फोन आम्ही कधीच काढून टाकलाय.